उन्हाळ्यांतील झोंप आणि समुद्राची गाज

मनुष्याच्या आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा झोंपेंत जातो, हें आपण सर्व जण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु तो हिस्सा खरोखरच आपल्या पदरांत पडतो किंवा नाहीं, इकडे लक्ष देणारे फार थोडे. मीही त्या थोड्यांपैकीं नव्हतों. ह्या विषयाकडे माझें लक्ष वेधलें तें माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळें, आणि ती चूक प्रथम सांगून टाकणें बरें.

गेल्या वैशाखांत दहावीच्या मुलांचे सुटींतील जादा वर्ग चालू होते. त्यांत कोळीवाड्यांतील एक चांगला हुशार मुलगा रोज पहिल्याच तासास डुलक्या घेई. मीं त्यास एक दिवस समज दिली, दुसऱ्या दिवशीं उभें केलें, आणि तिसऱ्या दिवशीं सर्व मुलांदेखत "रात्रभर मोबाईल पाहत बसतोस काय?" असें विचारून त्यास मान खालीं घालावयास लाविली. त्याच सायंकाळीं त्याची आई आमच्या दारांत येऊन उभी राहिली. "सर, पोरगा मोबाईल बघत नाय हो," ती म्हणाली, "पावसाचा आवाज लावतो नि कानांत घालून पडतो, तवा कुठं त्याचा डोळा लागतो." मग हळूहळू सर्व हकीगत कळली. घर पत्र्याचें, निजावयाची खोली एक, तिला खिडकी एक, आणि ती रस्त्याकडे. रस्त्याच्या पलीकडे लग्नकार्यांचें पटांगण. वैशाख म्हणजे लग्नसराई. खिडकी उघडी ठेवावी, तर ध्वनिवर्धकाचे दणके, मोटारींचे कर्णे आणि पंगती उठल्यावर उष्ट्या पत्रावळींवरून चाललेलें कुत्र्यांचें भांडण. मिटावी, तर पहाटेपर्यंत घामाच्या धारा. मुलानें खिडकी मिटली होती, आणि तिच्यांतूनही जो आवाज येई तो बुजविण्यासाठीं कानांत पाऊस भरून घेतला होता.

खिडकी उघडावी कीं मिटावी? प्रश्न दिसावयास क्षुल्लक. पण त्या बाईंस त्याचें उत्तर मला तेव्हां देतां आलें नाहीं. पुढें सुटींत ह्या विषयावरील थोडें वाचन केलें, कांहीं गोष्टी घरीं करून पाहिल्या, आणि त्यांतून जें उमगलें तें विद्यार्थ्यांपुढें व पालकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम उकाड्याची गोष्ट. देशावरील मंडळींस आपला उन्हाळा सौम्य वाटतो. विदर्भांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथें तो बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपास घोटाळत राहतो. हवामानखात्यानेंही हा भेद मानलेला आहे. मैदानी प्रदेशांत उष्णतेची लाट म्हणावयास पारा निदान ४० अंशांवर जावा लागतो. किनाऱ्यावर ३७ पुरे होतात. पण 'उष्ण रात्र' ठरविण्याची कसोटी मात्र अशी कीं, दिवसाचें कमाल तपमान ४० अंश किंवा अधिक असल्यावांचून ती लावावयाचीच नाहीं. म्हणजे आपल्याकडील ज्या रात्रीं पारा सुमारें २७ अंशांवर अडून बसतो आणि उशीचा अभ्रा पिळून काढावा इतका भिजतो, त्या रात्री ह्या मोजणींत सहसा येतच नाहींत. अंथरुणावर कूस बदलणाऱ्यास असल्या पत्रकानें काय समाधान होणार!

कारण उकाडा केवळ पाऱ्यानें ठरत नाहीं. घाम येणें म्हणजे थंड होणें नव्हे. आलेला घाम वाफ होऊन उडून जाणें म्हणजे थंड होणें. घाम उडतांना अंगांतील उष्णता बरोबर घेऊन जातो. परंतु समुद्रकांठची हवा अगोदरच बाष्पानें भरलेली असते. तिला आणखी बाष्प घेण्याची हांव नसते, आणि घाम अंगावरच चिकटून राहतो. वाळ्याचा ओला पडदा किंवा पाण्यावर चालणारा कूलर नागपुरास जो चमत्कार करून दाखवितो तो आपल्याकडे दाखवीत नाहीं, त्याचें कारण हेंच. आपल्याकडे तो खोलींतील ओल मात्र वाढवून ठेवितो.

वाऱ्याचाही ह्यांत हात आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षां लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिच्या जागीं समुद्रावरून खारा वारा धांवत येतो. रात्रीं जमीन लवकर निवते आणि वारा उलट दिशेस, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, वाहूं लागतो. त्यास मतलई वारा म्हणतात. शिडाच्या होड्यांच्या काळीं कोळी लोक मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरीं परतत. परंतु खारा वारा पडला आहे व मतलई अजून सुटलेली नाहीं, असा एक मधला काळ असतो. त्या वेळीं माडाचें पातें हलत नाहीं. आणि दुर्दैवानें तीच आपली अंथरुणावर पडण्याची वेळ. वैशाखांत जमीन रात्रीं फारशी निवतही नाहीं, म्हणून मतलई उशिरा येते आणि येते तीही दुबळी. अशी जी एखादी झुळूक येईल तिनें मिटलेल्या खिडकींतून आंत यावें कसें?

आतां शरीराकडे वळूं. झोंप लागण्याच्या सुमारास शरीराच्या आंतील उष्णता उतरूं लागते, आणि रात्रींतून ती सुमारें एक अंशानें कमी होते. ती बाहेर टाकण्याची मोठी वाट म्हणजे हातपाय. तेथील त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तळवे ऊन लागतात. निजण्याच्या बेतांत आलेल्या लहान मुलाचे तळवे हातांत घेऊन पाहिल्यास ह्याचा प्रत्यय येईल. १९९९ मध्यें स्वित्झर्लंडांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, ही वाट जितकी मोकळी तितकी झोंप लवकर लागते. दमट उकाड्यांत ती अर्धीमुर्धी बुजते. मग गाढ झोंप आंखडते, स्वप्नांची झोंपही आंखडते, आणि मनुष्य आठ तास पडून राहूनही न निजल्यासारखा उठतो. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ६८ देशांतील ४७ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटांवरील पट्ट्यांवरून झोंपेचा हिशेब करण्यांत आला. ज्या रात्रीं पारा ३० अंशांच्या वर राहिला, त्या रात्रीं माणशीं सरासरी १४ मिनिटांवर झोंप बुडाली. चौदा मिनिटें ऐकावयास थोडीं वाटतात. परंतु सरासरी ही अशी चीज आहे कीं, वातानुकूलित खोलींत निजणारा आणि पत्र्याखालीं निजणारा हे दोघेही तिच्यांत एकाच पाटावर बसतात.

तेव्हां खिडकी उघडी हवी, एवढें ठरलें. पाऊस, समुद्र, बांसरी, कोणताही आवाज कितीही मधुर असला तरी तो खोली एका अंशानेंही थंड करीत नाहीं. मग त्याचा उपयोग काय? उपयोग असा कीं, ती उघडी खिडकी उघडीच ठेवण्याचें बळ तो आपणांस देतो. तें कसें, हें पाहण्यासाठीं कानाची रीत समजून घेतली पाहिजे.

डोळ्यास पापणी आहे, कानास नाहीं. मनुष्य निजला तरी कान पहाऱ्यावर असतो, आणि त्यानें आणलेल्या वर्दीची छाननी मेंदु झोंपेंतही करीत राहतो. हा पहारेकरी आवाज किती मोठा आहे इकडे जितकें लक्ष देतो, त्याहून अधिक तो किती बदलला इकडे देतो. अलिबागेंतीलच एक दृष्टांत येथें उपयोगी पडेल. मुंबईच्या कुलाब्यास पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा होती. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या होत्या. त्यांच्या प्रवाहामुळें नाजूक यंत्रांच्या नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ मध्यें ती अलिबागेस आणण्यांत आली, आणि तिची इमारतही लोखंडाचा स्पर्श टाळून पोरबंदरच्या दगडांत बांधण्यांत आली. पृथ्वीचें एवढें थोरलें चुंबकत्व त्या यंत्रांस मुळींच अडथळा करीत नाहीं, कारण तें जवळजवळ स्थिर असतें. त्याच्यावर उठणारा बारीकसा तरंग मात्र तीं तत्काळ टिपतात. निजलेला मेंदु हें ह्याच जातीचें यंत्र होय. वेधशाळेस गोंगाटापासून दूर जातां आलें. कोळीवाड्यांतील मुलास तें करतां येत नाहीं.

त्यास दुसरा उपाय करावा लागतो. अमावास्येच्या रात्रीं दूरवरचा कंदीलही डोळ्यांत भरतो; तोच कंदील भर दुपारीं लावलेला आहे कीं नाहीं हेंही कळत नाहीं. कंदील तेवढाच, भोंवतालचा उजेड बदलला. आवाजाचेंही तसेंच आहे. अगदीं निःशब्द खोलींत कुत्र्याचें एक भुंकणें बंदुकीच्या बाराप्रमाणें येऊन आदळतें. परंतु खोलींत पूर्वीच एखादा सौम्य, अखंड नाद पसरलेला असेल, तर त्या भुंकण्याचा उंचवटा ठेंगणा होतो आणि पहारेकरी त्यास हटकीत नाहीं. २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निजलेल्या कांहीं व्यक्तींस रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांतील आवाज ऐकविण्यांत आले. नुसत्या आवाजांनीं त्यांची झोंप वारंवार मोडली. पण त्याच आवाजांखालीं एक सपाट, अखंड ध्वनि घातल्यावर ती तितकी मोडली नाहीं. झोंप मोडणारी गोष्ट म्हणजे आवाजाची केवळ उंची नसून, तळ आणि शिखर ह्यांतील अंतर होय, असा त्यांचा निष्कर्ष. ह्याची दुसरी बाजू आपण सर्वांनीं अनुभविलेली आहे. रात्रीं वीज जाते, पंखा थांबतो, आणि घरांतील सगळीं माणसें एकदम जागीं होतात. उकाडा वाढावयास तर अजून पांच मिनिटें अवकाश असतो! माणसें जागीं झालीं तीं आवाज आला म्हणून नव्हे, तर आवाज गेला म्हणून.

आतां समुद्राकडे येऊं. आपल्या किनाऱ्यावर समुद्राच्या आवाजास 'गाज' असा सुंदर शब्द आहे. ही गाज कोठून निघते, असें वर्गांत विचारलें असतां बहुतेक मुलें म्हणतात, पाणी वाळूवर आपटतें म्हणून. तें सर्वस्वीं खोटें नाहीं. पण गाजेचा मोठा भाग पाण्यांत सांपडलेल्या हवेचा आहे. लाट फुटतांना हवेस गिळते, आणि त्या हवेचे असंख्य बुडबुडे होतात. प्रत्येक बुडबुडा जन्मतःच क्षणभर आकुंचन पावतो, फुगतो, आणि इवल्याशा घंटेप्रमाणें नाद करतो. मिनार्त नांवाच्या शास्त्रज्ञानें १९३३ मध्यें ह्याचें गणित मांडलें. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदास सुमारें ३,३०० कंपनें करतो. त्रिज्या दसपट म्हणजे एक सेंटिमीटर झाली कीं कंपनें दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे ३३० वर येतात. जितका बुडबुडा मोठा तितका स्वर खालचा. तांब्यांतून घागरींत पाणी ओततांना जो बुडबुड असा आवाज येतो, तोही ह्याच घंटांचा.

एका फुटणाऱ्या लाटेंत लहानमोठे सर्व आकारांचे बुडबुडे एकाच वेळीं असतात. म्हणजे जणूं सर्व सप्तकांतील सर्व स्वर एकदम वाजतात. सूर्यप्रकाशांत जसे सर्व रंग मिसळलेले असतात आणि म्हणून तो पांढरा दिसतो, तसा ज्या नादांत सर्व स्वर सारख्या जोरानें मिसळलेले असतात त्यास शास्त्रज्ञ 'श्वेत ध्वनि' म्हणतात. गाज अगदीं श्वेत नाहीं. तिच्यांत खालच्या स्वरांचा भरणा अधिक, म्हणून ती कानास मऊ लागते. ज्या नादांत सर्व स्वर असतात तो कोणत्याही आगंतुक आवाजावर पांघरूण घालूं शकतो, कारण त्या आवाजाचा जो कोणता स्वर असेल तो ह्या समुदायांत अगोदरच हजर असतो. बांसरीच्या एका स्वरास हें साधत नाहीं. शिवाय गाज चढते ती हळूहळू आणि उतरते ती हळूहळू. एक लाट ऐकली कीं पुढची येणार हें कानास ठाऊक असतें. पहारेकऱ्यास चकविण्याजोगें तिच्यांत कांहीं नाहीं.

माडाच्या झावळ्यांची सळसळ ह्याच जातीची, आणि परगांवचा पाहुणा रात्रीं ती ऐकून पाऊस आला म्हणून वाळत घातलेले कपडे काढावयास धांवतो, ही गंमत आमच्या घरीं दोनदां झाली आहे. सुरूच्या बनाचा आवाज निराळा. तेथें बारीक काड्यांभोंवतीं वारा वळसे घेतो, आणि वेग वाढेल तसा स्वर चढतो.

तर मग किनाऱ्यावर राहणाऱ्यांस निसर्गानें अंगाई फुकट दिली आहे, असें कोणी म्हणेल. तें पुरतें खरें नाहीं. अलिबागचा किनारा उथळ आहे. ओहोटीस पाणी इतकें मागें हटतें कीं कुलाबा किल्ल्यापर्यंत पायीं जातां येतें. मग गाजही तितकीच दूर जाते. भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. म्हणून आज रात्रीं दहा वाजतां भरती असेल, तर आठवड्यानें त्याच वेळीं ओहोटी असावयाची. ज्यांचीं घरें किनाऱ्यालगत आहेत त्या मुलांनीं भरतीचें कोष्टक जवळ ठेवून पंधरा दिवस निजण्याच्या वेळेची गाज ऐकावी व टिपून ठेवावी. भूगोलाच्या पाठास ह्याहून चांगली जोड मिळणार नाहीं. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत येईल. दिवसा जी गाज घरांत ऐकूं येत नाहीं ती रात्रीं येते. रात्रीं गलका कमी असतो हें तर झालेंच. पण जमिनीलगतची हवा निवली आणि वरची ऊन राहिली कीं आवाज वर निसटून न जातां खालीं वांकतो व दूरवर पोहोंचतो, हेंही कारण आहे. अर्थात् ज्या हवेवरून गाज येते तिच्यावरूनच पलीकडच्या गांवचा ध्वनिवर्धकही येतो. निसर्ग पक्षपात करीत नाहीं.

अंगाईचें नांव निघालेंच आहे म्हणून तान्ह्या मुलांविषयीं दोन शब्द. सर्व देशांतील आया मुलास निजवितांना एकाच ठेक्यांत, त्याच त्या शब्दांची पुनरुक्ति करीत, आवाज खालीं खालीं आणीत गातात. आपला पाळणा काय किंवा नुसतें 'जो जो' काय, ह्याच घडणीचें. १९९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडांतील एका प्रयोगांत दोन ते सात दिवसांच्या वीस अर्भकांस श्वेत ध्वनि ऐकविला, तेव्हां त्यांपैकीं सोळा पांच मिनिटांत निजलीं. ज्या वीस अर्भकांस तो ऐकविला नाहीं त्यांपैकीं अवघीं पांच. हें वाचून कोणी पालकानें तसलें यंत्र आणून पाळण्यास बांधूं नये. २०१४ च्या एका तपासणींत अशा चौदा यंत्रांपैकीं तीन यंत्रांचा पूर्ण आवाज एका फुटाच्या अंतरावर ८५ डेसिबलांहून अधिक भरला, आणि इतका आवाज कारखान्यांतील मजुरांनीं दिवसाचे आठ तास ऐकणेंही धोक्याचें मानतात. तान्ह्याचा कान तर कोंवळाच. आईच्या गळ्यास ही भीति नाहीं. ती दमते, आणि दमली म्हणजे थांबते.

झोक्याचेंही असेंच. जिनीव्हा येथील संशोधकांनीं २०११ मध्यें आणि पुन्हां २०१९ मध्यें दाखविलें कीं, चार सेकंदांस एक हेलकावा ह्या संथ गतीनें हलणाऱ्या बिछान्यावर मोठीं माणसेंही लवकर निजतात. आमच्याकडील जुन्या घरांच्या ओटीवर झोपाळा असे, आणि त्याच्या कड्यांची करकर जेवणानंतर घरभर ऐकूं येई. आजोबांची वामकुक्षि त्या करकरीवर लागे, आणि कोणी भक्तिभावानें कड्यांस तेल घातलें तर ते रागावत. तेव्हां आम्ही हंसत असूं. आतां वाटतें, तक्रार रास्त होती.

येथवर सर्व कांहीं यंत्रासारखें झालें; तळ उंचावला कीं झोंप सुरक्षित. परंतु मनुष्य चुंबकीय यंत्र नव्हे. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें. माड, सुपारी व आंबा ह्यांच्या बागा आडव्या झाल्या, घरांचीं छपरें उडालीं, आणि कित्येक गांवांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत पंखा नव्हता, आणि पंख्याचा तो नकळत सोबत करणारा गुंजारवही नव्हता. माणसें अंगणांत बाजा टाकून जागत बसलीं. पुढें वर्षभरानें श्रीवर्धनाकडील एक मुलगी आमच्या शाळेंत आली. तिला रात्रीं झोंप येत नसे. कोणीसें सांगितलें म्हणून तिच्या वडिलांनीं मोबाईलवर वारा-पावसाचा आवाज लावून ठेविला, आणि मुलगी थरथरूं लागली. इतरांस जी सळसळ ती तिच्या कानांस छप्पर सुटण्यापूर्वींची सूचना होती. मग काय उपाय झाला? तिची आई शिवणकाम करी. ती रात्रीं दाराशीं दिवा लावून यंत्र चालवीत बसे, त्या खटखटींत मुलगी निजूं लागली. मोजमापांनीं पाहिलें तर शिवणयंत्र पावसापेक्षां कर्कश ठरेल. पण त्या आवाजाचा अर्थ, आई जागी आहे, एवढाच होता. म्हणून मुलास कोणता आवाज लावावा हें पालकांनीं परस्पर ठरवूं नये, त्यासच विचारावें.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. अखंड ध्वनीनें झोंप सुधारते काय, ह्याविषयीं आजवर झालेल्या प्रयोगांचा २०२१ मध्यें एकत्र आढावा घेण्यांत आला, तेव्हां पुरावा कच्चा आहे व प्रयोगाप्रयोगांत मेळ नाहीं, असें ठरलें. ज्याच्या घरीं रात्रीं खरोखरच शांतता आहे त्यानें ह्या भानगडींत पडूं नये. कानासही विसांवा हवाच. हा उपाय गोंगाटांत राहणाऱ्यांचा आहे.

त्यांना माझें सांगणें असें. आधीं वाऱ्याची वाट करावी, आणि एका खिडकीनें ती होत नाहीं. वारा जेथून आंत येतो तेथून समोर बाहेर जावयास दुसरें भोंक लागतें. डांसांची भीति असेल तर जाळी ठोकावी किंवा मच्छरदाणी लावावी, पण तावदान मिटूं नये. निजण्यापूर्वीं तासभर कोमट पाण्यानें स्नान करावें, निदान हातपाय धुवावे. बर्फाच्या पाण्यानें नव्हे, कारण त्यानें रक्तवाहिन्या आंखडतात आणि मघां सांगितलेली वाट उलट बंद होते. पंखा असल्यास तो पायांकडून अंगावर यावा. आपल्या रात्रींची हवा त्वचेपेक्षां थंडच असते, म्हणून येथें पंख्याचा उपयोग होतोच, आणि त्याचा घुमारा हाच बहुतेकांस पुरेसा अखंड ध्वनि असतो. दुसरा विकत आणावयास नको. त्यावांचून आणखी आवाज हवाच असेल तर मोबाईल खोलीच्या दूरच्या कोपऱ्यांत, फडताळावर पालथा ठेवावा, आणि उशीशीं हळू बोललेलें ऐकूं येईल इतकाच तो आवाज असावा. कानांत इअरफोन घालून निजूं नये. घामानें कान चिडतात, दुखूं लागतात, आणि रात्रीं घरांत कोणी हांक मारली तर ती ऐकूं येत नाहीं, हें सर्वांत वाईट.

आणि ज्यांच्याकडून गोंगाट होतो त्यांचें काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत रात्रीं दहा ते सकाळीं सहा ह्या वेळांत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि कांहीं ठराविक सणांचे दिवस सोडल्यास त्या वेळांत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. हा कायदा पालकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसतो. ज्यांस असतो त्यांच्याच घरच्या वरातींत तो बहुधा विसरला जातो.

त्या कोळीवाड्यांतील घरीं मी पुढें एकदां जाऊन आलों. मागच्या भिंतींत परसाकडे उघडणारें एक दार होतें. चोरांच्या व मांजरांच्या भीतीनें तें रात्रीं लावून घेत. मुलाच्या वडिलांनीं त्यास गज व जाळी बसविली, आणि जुना टेबलपंखा दुरुस्त करून त्या दारांत ठेविला. रस्त्याकडची खिडकी अर्धी उघडी राहूं लागली. पंख्यास थोडी घरघर आहे. ती काढूं नका, असें मुलानेंच मिस्त्रीस सांगितलें. चार शेजारी मिळून पटांगणाच्या मालकाकडेही जाऊन आले. वाजप दहास थांबत नाहीं, पण साडेदहास थांबूं लागलें आहे, असें त्याची आई म्हणाली.

वर्गांत त्याच्या डुलक्या बऱ्याच कमी झाल्या. ज्येष्ठाच्या आरंभीं एका रात्रीं वळवाच्या सरीनें साऱ्या गांवची वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहिल्या तासास त्यानें बांकावर डोकें टेकलेलें मीं पाहिलें, आणि धडा शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला.